चोच पाहून काम ओळखू नये

चंद्रपूर-गडचिरोलीत पक्ष्यांना तोटा नाही आणि त्यांच्या चोचींविषयीच्या ठाम समजुतींनाही नाही. घोटाळा होतो तो चोचीच्या आकारावरून तिचे काम ठरवताना.

गैरसमज : मुग्धबलाकाच्या चोचीत फट असते ती अडकित्त्यासारखी गोगलगाय फोडायला.

वस्तुस्थिती : माजी मालगुजारी तलावांत आणि धानाच्या बांध्यांत हा करकोचा गोगलगायी टिपतो, पण शंख सहसा फोडत नाही. वरच्या चोचीने तो शंख चिखलात दाबून धरतो. खालच्या चोचीचे टोक आत सरकवून स्नायू तोडतो आणि मांस ओढून काढतो. पिल्लांच्या चोचीत तर फट नसतेच; ती वयाबरोबर पडते.

गैरसमज : सुतार पक्ष्याच्या कवटीत धक्का शोषणारी गादी असते.

वस्तुस्थिती : अतिवेगवान कॅमेऱ्यांच्या मदतीने झालेला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चोच आणि डोके घाव घालताना एकसंध, ताठ राहतात असे दिसले. धक्का शोषला गेला असता तर घावाचा जोरच वाया गेला असता. मेंदू एवढासा असल्याने तो हादरा सोसतो. लाकडातली अळी बाहेर काढते ती मात्र लांब, चिकट जीभ.

गैरसमज : धनेशाची चोच अवजड आणि शिकारीसाठी असते.

वस्तुस्थिती : राखी धनेशाच्या चोचीवरचे शिंग आतून पोकळ असते. वड, पिंपळ, उंबराची फळे हे त्याचे मुख्य खाणे. अधूनमधून किडे, सरडेही चालतात. वीण आली की मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेने ढोलीचे तोंड लिंपून घेते. उरलेल्या चिरेतून नर लांब चोचीच्या टोकाने तिला एकेक फळ भरवतो.

गैरसमज : बाकदार चोच आहे, म्हणजे गिधाड जनावरे मारते.

वस्तुस्थिती : गिधाडाच्या पायांत शिकारी पकड नसते. चोच मेलेल्या जनावराचे कातडे आणि मांस फाडते. त्या मांसातच डायक्लोफिनॅक असेल, तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांना सुरक्षित मांस मिळावे म्हणून ‘गिधाड उपाहारगृहे’ सुरू केली. 2024 च्या जानेवारीत हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून 10 पांढऱ्या पाठीची गिधाडे ताडोबातील बोटेझरीला आणण्यात आली.