शेठ घरी, गाडी चौथी

सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकसमोर असलेल्या फॉर्म्युला वनच्या कारखान्याला नोव्हेंबर 2025मध्ये आणखी एक नवा साहेब जाहीर झाला: ॲड्रियन न्यूई. रेसिंगची गाडी आखण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नाही, त्याबद्दल वाद नाही. पण आधी ओटमार झाफनाउअर, मग माइक क्रॅक, मग अँडी कॉवेल आणि आता न्यूई. ॲस्टन मार्टिन हे नाव लागल्यापासून पाच वर्षांत हा चौथा टीम प्रिन्सिपल. मालक लॉरेन्स स्ट्रोल यांच्याकडे पैसा आहे, नवी कोरी इमारत आहे, स्वतःचं विंड टनेल आहे, गाडीत फर्नांडो अलोन्सो आहे. एवढं असून 2025चा हंगाम सातव्या क्रमांकावर संपला. आणि याच जागेवर एके काळी अशी टीम होती, जिच्याकडे पुरवठादारांची बिलं भागवायला पैसे नसायचे आणि जी सलग दोन वर्षं चौथी आली. फोर्स इंडिया.

त्याआधीचा इतिहास भराभर सांगतो. 1991मध्ये एडी जॉर्डन यांनी फॉर्म्युला वनमध्ये टीम उतरवली, 1998मध्ये बेल्जियममध्ये पहिली शर्यत जिंकली, पुढे पैसा आटला. 2005मध्ये आपला नारायण कार्तिकेयन तिथे वर्षभर धावला. मग मिडलँड आली, मग स्पायकर. त्या वर्षांबद्दल लिहावं असं काही नाही. रंग बदलले, मालक बदलले, गाडी मागेच राहिली.

2007च्या अखेरीस विजय मल्ल्यांनी डच भागीदारासह टीम घेतली आणि आपल्याकडच्या वाहिन्यांना उधाण आलं. गाडीवर तिरंग्याचे रंग, बातम्यांत ‘आपली टीम’. यातलं आपलं किती होतं? कारखाना इंग्लंडचा, इंजिन आधी फेरारीचं, मग मर्सिडीजचं. दहा-अकरा वर्षांत एकाही भारतीयाने या गाडीतून शर्यत केली नाही. कार्टिंगमधून पोरं हेरण्याची मोहीम 2011मध्ये वाजतगाजत काढली. त्यातून मुंबईचा जेहान दारूवाला पुढे आला, फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, पण फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर त्याला कोणी उभं केलं नाही. तिरंग्याच्या नावाने गहिवरणाऱ्यांनी हा हिशेब कधी मागितला नाही. मला ही टीम आवडली ती वेगळ्याच कारणाने.

2008मध्ये गुण शून्य. मोनॅकोत एड्रियन सुटिल चौथा धावत होता, तर बोगद्यातून बाहेर पडताना रायकोनेनची फेरारी मागून येऊन आदळली. पुढच्या वर्षी स्पामध्ये जियानकार्लो फिसिकेलाने पोल घेतली आणि त्याच रायकोनेनच्या मागे दुसरा आला. टीमचे पहिले गुण ते. लगेच फेरारीने फिसिकेलालाच उचललं. लहान टीमच्या नशिबी हेच असतं. माणूस घडवायचा आणि श्रीमंताला द्यायचा.

पण दुसऱ्या फळीतली माणसं गेली नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे. कागदावर टीम प्रिन्सिपल मल्ल्या. रोजचा गाडा ओढणारे बॉब फर्नली, झाफनाउअर, तंत्राची बाजू सांभाळणारा अँड्र्यू ग्रीन आणि जॉर्डनच्या काळात मेकॅनिक म्हणून आलेला अँडी स्टीव्हन्सन. बारभाईंचाच कारभार म्हणायचा, फक्त इथे तो चालला. प्रत्येकाला आपलं काम ठाऊक होतं आणि दुसऱ्याच्या कामात कोणी नाक खुपसत नव्हतं.

2015 घ्या. पुरवठादारांची देणी थकल्यामुळे नवी गाडी वेळेत झाली नाही. बार्सेलोनाच्या चाचणीत जुनीच गाडी फिरवली. एखाद्या टीमने वर्ष सोडून दिलं असतं. यांनी अर्धा हंगाम जेमतेम गाडीवर रेटला, कोलोनला टोयोटाचं विंड टनेल भाड्याने घेतलं आणि जुलैमध्ये नाकाला दोन भोकं असलेली सुधारित गाडी आणली. त्यानंतरची सोचीची शर्यत पाहावी. बाराव्या फेरीच्या सुमारास सेफ्टी कार आली तेव्हा सर्जिओ पेरेझला टायर बदलायला आत बोलावलं आणि मग थेट शेवटपर्यंत, म्हणजे जवळजवळ 40 फेऱ्या, त्याच टायरवर ठेवलं. त्याच्या मागे बोटास आणि रायकोनेन. शेवटी ते पुढे गेलेच, पण अखेरच्या फेरीत एकमेकांवर आदळले आणि पेरेझ तिसरा. नशीब म्हणा. पण टायर तोवर टिकवणारा ड्रायव्हर आणि टिकतील असं मानून पिट वॉलवर न डगमगता बसलेला इंजिनीअर नसता, तर ते नशीब दुसऱ्याच्या पदरात पडलं असतं.

आता मालकाबद्दल. याच काळात मल्ल्यांच्याच किंगफिशर एअरलाइन्सचे कर्मचारी थकलेल्या पगारासाठी रस्त्यावर होते, 2012मध्ये विमानं जमिनीवर बसली आणि किंगफिशरचं नाव मात्र गाडीवर झळकत होतं. विलेपार्ल्यातलं किंगफिशर हाउस पुढे बँकांनी लिलावात काढलं. त्या कर्मचाऱ्यांची आठवण ठेवूनच मी या गाडीकडे पाहत असे. दुसरे भागीदार सहाराचे सुब्रत रॉय 2014मध्ये तुरुंगात गेले. मार्च 2016मध्ये मल्ल्यांनी देश सोडला, एप्रिलमध्ये पासपोर्ट रद्द झाला आणि इंग्लंडबाहेरच्या शर्यतींना जाणं बंद झालं. शेठ घरी बसले आणि टीमने इतिहासातले सर्वोत्तम दोन हंगाम केले: 2016मध्ये 173 गुण, 2017मध्ये 187. या दोन्ही वर्षी त्यांच्यापुढे मर्सिडीज, फेरारी आणि रेड बुल एवढेच होते.

सगळं गोडीगुलाबीत चाललं असंही नाही. 2017मध्ये पेरेझ आणि एस्टेबान ओकाँ एकमेकांच्या जिवावर उठले. कॅनडात पेरेझने वाट सोडली नाही. बाकूत दोघे भिडले आणि हातातलं पोडियम घालवलं. स्पामध्ये एकाच शर्यतीत दोनदा टक्कर. तोवर मोकळं धावू देणाऱ्या वरिष्ठांनी मग लगाम खेचला. आपसात शर्यत बंद. चौथा क्रमांक कायम राहिला. मोठ्या नावाच्या साहेबांना हे एवढंसं काम वर्षानुवर्षं जमत नाही, हेही आपण पाहतो.

जुलै 2018मध्ये हंगेरीच्या शर्यतीच्या दिवसांत टीम प्रशासकांच्या ताब्यात गेली. अर्ज खुद्द पेरेझचा. त्याचेही पैसे थकले होते, पण टीम कायमची बंद पडू नये आणि 405 जणांच्या नोकऱ्या वाचाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. स्ट्रोल यांच्या गटाने मालमत्ता घेतली. महिन्याभरात स्पाला तीच माणसं, एव्हाना गुलाबी झालेल्या त्याच गाड्या, पण कागदोपत्री नवी टीम आणि शून्य गुण. ओकाँ तिसरा आणि पेरेझ चौथा पात्र ठरले. पहिल्या फेरीत केमेलच्या सरळ रस्त्यावर हॅमिल्टन, व्हेटेल आणि या दोन गुलाबी गाड्या चौघे शेजारी शेजारी होते. ओळीत कोण दिवाळखोर आणि कोण विश्वविजेता, हे वरून पाहून सांगता आलं नसतं.

पैशाचं हे दुखणं जुनंच होतं. लहान टीमना बक्षिसाचा वाटा न्याय्य मिळावा म्हणून फोर्स इंडियाने सौबरसह 2015मध्ये युरोपियन कमिशनकडे तक्रार केली होती. तेव्हा मोठ्या टीमनी कानाडोळा केला. खर्चावर 14.5 कोटी डॉलरची मर्यादा आली ती 2021मध्ये, फोर्स इंडिया संपल्यावर.

2018च्या अधिकृत तक्त्यात फोर्स इंडियाचे पहिल्या बारा शर्यतींतले 59 गुण खोडलेले आहेत. नव्या नावाने मिळवलेले 52 तेवढे मोजले आणि क्रमांक लागला सातवा. दोन्ही मिळून 111 होतात, हास टीमच्या 93 गुणांहून जास्त. म्हणजे मालक बुडालेला असताना ही माणसं पाचवी आली होती.