पूर्ण झालेली पटकथा : पहिल्या वाचकाचा शोध

पटकथेची रचना, दृश्यांची मांडणी आणि संवाद यांचा विचार आपण मागील उपघटकात केला. आता आपली पटकथा पूर्ण झाली आहे असे समजू. ती कोणाच्या हाती द्यावी, हा प्रश्न मुंबई-पुण्यापासून दूर राहणाऱ्या लेखकाला विशेष छळतो. निर्मात्यांचे पत्ते मिळवून प्रती पाठवत राहणे, हा उपाय सर्वांना प्रथम सुचतो आणि तोच बहुधा सर्वांत निष्फळ ठरतो. त्याचे कारण पटकथेच्या स्वरूपात आहे. कथा छापली की ती वाचकाची होते. पटकथा मात्र चित्रपट होईपर्यंत अर्धीच असते. कागदावरून तो चित्रपट पाहू शकणारा वाचक विरळा. म्हणून आपले लेखन लोकांना अनुभवता येईल असे एखादे लहान रूप त्याला आधी द्यावे लागते.

या संदर्भात सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथे जन्मलेल्या वसंत कानेटकर यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. कवी गिरीश यांचे हे चिरंजीव नाशिकला महाविद्यालयात अध्यापन करीत. आरंभी त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. नाटककार म्हणून त्यांची ओळख झाली ती १९५७ मधील ‘वेड्याचं घर उन्हात’ या नाटकामुळे. ते रंगमंचावर आणले पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, भालबा केळकरांच्या दिग्दर्शनाखाली. ही संस्था हौशी होती, हे येथे ध्यानात घ्यावे. नव्या लेखकाची संहिता हाती घेण्याचे धाडस पुष्कळदा अशा संस्थाच करतात, कारण त्यांना तिकीटविक्रीपेक्षा नव्या संहितेची गरज अधिक असते. पुढे १९६६ मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’ रंगभूमीवर आले. त्यावरून सत्येन बोस यांनी ‘आँसू बन गये फूल’ (१९६९) हा हिंदी चित्रपट केला आणि कानेटकरांना कथालेखनाचा फिल्मफेअर पुरस्कार लाभला. चित्रपटसृष्टीने त्यांची कथा कागदावर नव्हे, रंगमंचावर सिद्ध झालेली पाहिली होती.

आज नाटकाच्या जोडीला लघुपट आला आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट राष्ट्रीय पुरस्काराने गौरविला गेला; ‘फँड्री’ प्रदर्शित झाला तो त्यानंतर, २०१४ मध्ये. आपल्या पटकथेतील एखादा प्रसंग स्वतंत्र उभा राहू शकतो का, हे पाहावे. राहत असेल तर त्याची एकांकिका किंवा दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट होऊ शकेल. हौशी नाट्यस्पर्धा, लघुपट महोत्सव आणि पटकथालेखकांच्या कार्यशाळा यांतून भेटणारी माणसे निर्माते नसतीलही, परंतु उद्याचे दिग्दर्शक त्यांच्यातच असतात. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची पटकथा कार्यशाळा याच कामासाठी आहे. ‘द लंचबॉक्स’ची पटकथा तिच्यातून गेली होती.

‘पण कोणी कल्पना चोरली तर?’ ही शंका आपल्या मनात आलीच असेल. ती निराधार नाही. मात्र तिच्यामुळे पटकथा कपाटात ठेवणे हा उपाय नव्हे. दिल्लीचे नाटककार आर. जी. आनंद यांनी आपले ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक मोहन सेहगल यांना ऐकविले होते. १९५६ मध्ये ‘न्यू देहली’ हा चित्रपट आला, तेव्हा तो आपल्याच नाटकावरून घेतला आहे, असा दावा त्यांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निकाल दिला तो आनंद यांच्या विरोधात. प्रांतवाद हा विषय दोन्हींकडे होता, पण कल्पनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. तो तिच्या आविष्कारावर, म्हणजे प्रसंग, पात्रे आणि मांडणी यांवर असतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ओळखीच्या माणसाला चहा पिता पिता कथाकल्पना सांगणारा लेखक नेमका असंरक्षित भाग देऊन बसतो. पूर्ण पटकथा जवळ असलेला लेखक तुलनेने सुरक्षित असतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सदस्य होऊन पटकथेची नोंदणी करता येते. स्वामित्वहक्क लेखनाबरोबरच निर्माण होतो, नोंदणीने नव्हे. नोंदणीमुळे अमुक दिवशी ही संहिता अस्तित्वात होती, एवढा पुरावा मिळतो. वादाच्या प्रसंगी तो मोलाचा असतो. पटकथा कोणाला पाठवली, केव्हा पाठवली, याची पत्रेही जपावीत.

निर्मात्याची भेट मिळालीच, तर तो बहुधा पटकथा वाचणार नाही, ऐकेल. व्यवसायात यास ‘नॅरेशन’ म्हणतात. चांगले लिहिणाऱ्या अनेकांची येथे फजिती होते. ते पात्रांची नावे सांगत बसतात आणि कथा सुरू व्हायच्या आत समोरचा घड्याळाकडे पाहू लागतो. म्हणून एका पानाचे कथासार आधी तयार ठेवावे. त्यात शेवट लपवू नये. हे जाहिरातीचे पत्रक नाही; कथा शेवटापर्यंत पोहोचते की नाही, हेच वाचणाऱ्याला पाहायचे असते.

स्वयं-अध्ययनासाठी कृती : आपल्या पटकथेचे ३०० शब्दांत कथासार लिहा. ते पटकथा न वाचलेल्या दोन व्यक्तींना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांपैकी एक व्यक्ती घरातील नसावी. दुसऱ्या दिवशी दोघांनाही ती कथा सांगावयास सांगा आणि त्यांनी कोणता प्रसंग गाळला, याची नोंद वहीत करा.