इंग्रजी तुमन्त आणि क्रियाविशेषणाचे स्थान

इंग्रजीत प्रबंधलेखन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात एक नियम फार खोल रुजलेला असतो. तो असा की, 'टु' आणि त्यामागून येणारे क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये. ज्या रचनेत ते घातले जाते तिला इंग्रजी वैयाकरण 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह' म्हणतात. आपण तिला 'विच्छिन्न तुमन्त' म्हणू. या नियमाची पार्श्वभूमी तपासणे, आणि त्याच्या धाकामुळे वाक्याचा अर्थ कसा पालटतो हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्कृताच्या अभ्यासकाला हा नियम प्रथमदर्शनी स्वाभाविक वाटतो. 'कर्तुम्' हे एक अखंड पद आहे. त्यातील धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये दुसरे पद शिरूच शकत नाही. मराठीतील 'करणे', 'करण्यास', 'करायला' या रूपांचीही तीच स्थिती आहे. परंतु इंग्रजीतील 'टु' हा प्रत्यय नव्हे. प्राचीन इंग्रजीत तुमन्ताचा अर्थ धातूला लागणाऱ्या प्रत्ययानेच व्यक्त होत असे. 'टु' हे मूळचे शब्दयोगी अव्यय. ते नामापूर्वी यावे तसेच या धातुसाधित रूपापूर्वीही येई. पुढे मध्यकालीन इंग्रजीत प्रत्यय झिजत गेले आणि 'टु' हे तुमन्ताचे केवळ एक चिन्ह होऊन बसले.

ते चिन्ह क्रियापदाहून स्वतंत्र आहे याची साक्ष आजची भाषाही देते. 'लेट हिम गो' यात तुमन्त आहे, पण 'टु' नाही. 'टु रीड अँड राइट' यात एकच 'टु' दोन क्रियापदांना पुरतो. 'आय वाँट टु' असे म्हणून बोलणारा थांबतो तेव्हा 'टु' राहतो आणि क्रियापदच गळते. डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी या संदर्भात नामापूर्वीच्या 'दि' या उपपदाशी 'टु'ची तुलना केली. उपपद आणि नाम यांच्यामध्ये विशेषण आले म्हणून नाम दुभंगले असे कोणी म्हणत नाही. मग 'टु'च्या बाबतीतच तक्रार का, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

इतिहासही नियमाला फारसा अनुकूल नाही. विच्छिन्न तुमन्ताची उदाहरणे मध्यकालीन इंग्रजीपासून आढळतात; पंधराव्या शतकातील रेजिनल्ड पेकॉक यांच्या गद्यात ती विपुल आहेत. सोळाव्या शतकापासून ही रचना विरळ झाली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा वाढू लागली. ती वाढू लागल्यावर आक्षेप आला. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी 'ए प्ली फॉर दि क्वीन्स इंग्लिश' या १८६४ च्या पुस्तकात तिचा निषेध केला. लॅटिनमध्ये तुमन्त एकपदी असल्यामुळे हा नियम इंग्रजीवर लादला गेला, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु आल्फर्ड यांचा आधार लॅटिनचा नव्हता. 'टु' क्रियापदापासून अलग करू नये अशीच सर्वसामान्य रूढी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. रूढीवर उभारलेला नियम रूढी बदलली की दुर्बळ होतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका वाक्यात दोन क्रियापदे असली की क्रियाविशेषण कोणाचे, हा प्रश्न उद्भवतो. पुढील वाक्य पाहा: 'दि कमिटी अ‍ॅग्रीड इमीजिएटली टु विथड्रॉ दि नोटिस.' येथे 'ताबडतोब' काय झाले? समितीची संमती ताबडतोब मिळाली, की नोटीस ताबडतोब मागे घ्यावयाची? वाक्य दोन्ही अर्थ देते. 'इमीजिएटली अ‍ॅग्रीड टु विथड्रॉ' असे लिहिले तर पहिलाच अर्थ उरतो. 'अ‍ॅग्रीड टु इमीजिएटली विथड्रॉ' असे लिहिले तर दुसराच उरतो. म्हणजे ज्या रचनेस दोष मानले गेले, तीच येथे संदिग्धता दूर करते.

क्रियाविशेषण वाक्याच्या शेवटी नेणे हा तिसरा मार्ग आहे. कर्म लहान असेल तेथे तो उत्तम होय. परंतु 'गेल्या महिन्यात विद्यार्थ्यांना दिलेली नोटीस' असे लांब कर्म आले, की शेवटचे 'इमीजिएटली' आपल्या क्रियापदापासून इतके दूर पडते की ते 'दिलेली' याचेच विशेषण भासू लागते. अशा वेळी ते क्रियापदाच्या लगेच पुढे, कर्माच्या अलीकडे ठेवता येते. मात्र कर्म सर्वनामासारखे लहान असल्यास ही सोय नाही. 'विथड्रॉ इमीजिएटली इट' असे इंग्रज मनुष्य लिहिणार नाही, बोलणारही नाही.

ही अडचण मराठीलाही अपरिचित नाही. 'समितीने ताबडतोब नोटीस मागे घेण्याचे मान्य केले' हे वाक्य तितकेच संदिग्ध आहे. 'समितीने नोटीस ताबडतोब मागे घेण्याचे मान्य केले' असे म्हटले की शंका राहत नाही. कारण क्रियाविशेषण आता कृदन्ताच्या कर्मानंतर, म्हणजे निःसंशय त्या पदसमूहाच्या आत गेले. इंग्रजीतील विच्छिन्न तुमन्त हेच कार्य करते. पदसमूहाच्या सीमेवर उभे असलेले क्रियाविशेषण ते सीमेच्या आत घेते.

काही ठिकाणी तर मधल्या स्थानाला पर्यायच नसतो. 'प्रॉफिट्स आर एक्स्पेक्टेड टु मोअर दॅन डबल', म्हणजे नफा दुपटीहून अधिक होईल अशी अपेक्षा आहे. यातील 'मोअर दॅन' इतरत्र हलविले की वाक्य मोडते. उलट 'नॉट' हे निषेधवाचक सामान्यतः 'टु'पूर्वीच शोभते: 'ही डिसायडेड नॉट टु गो'. तसेच 'उपलब्ध सर्व पुराव्यांच्या प्रकाशात' यासारखा दीर्घ पदसमूह 'टु' आणि क्रियापद यांच्यामध्ये कोंबला तर वाचकाला क्रियापदाची वाट पाहावी लागते. तो दोष खरा आहे. पण तो विच्छेदाचा नसून लांबीचा आहे.

याहून अनिष्ट गोष्ट ही की, नियमाचा धाक नियमाच्या क्षेत्राबाहेरही पसरतो. 'टु बी केअरफुली एग्झॅमिन्ड' यात 'टु' आणि 'बी' एकत्रच आहेत. विच्छेद झालेलाच नाही. तरीही सावध लेखक 'केअरफुली' उचलून 'टु'च्या आधी ठेवतो आणि वाक्य अकारण ताठर करतो. २० जानेवारी २००९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या शपथविधीत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी संविधानातील 'विल फेथफुली एक्झिक्यूट' या शब्दांतील 'फेथफुली' पुढे ढकलले. तेथे 'टु' नव्हताच, केवळ साहाय्यक क्रियापद होते. क्रियापदसमूह फोडू नये या संस्काराचा तो परिणाम असावा, असे अनुमान भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी मांडले. कारण काहीही असो, दुसऱ्या दिवशी, खबरदारी म्हणून, शपथ पुन्हा घेण्यात आली.

तर मग अभ्यासकाने काय करावे? एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या 'ए डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज' या कोशात इंग्रजी भाषकांचे या बाबतीत पाच वर्ग पाडले: ज्यांना विच्छेद ठाऊक नाही व त्याची पर्वाही नाही; ठाऊक नाही, पण पर्वा फार; जाणून निषेध करणारे; जाणून स्वीकारणारे; आणि जाणून तारतम्य राखणारे. त्यांचा कल शेवटच्या वर्गाकडे होता. संदिग्धता किंवा उघड कृत्रिमता पत्करण्यापेक्षा विच्छेद बरा, असा त्यांचा निर्वाळा आहे.

हे तारतम्य पुढील क्रमाने साधता येईल. प्रथम क्रियाविशेषण कोणत्या क्रियापदाचे, हे निश्चित करावे. नंतर ते शेवटी किंवा 'टु'पूर्वी ठेवून वाक्य वाचावे. अर्थ निःसंदिग्ध राहून वाक्य सहज वाटले, तर तेथेच ठेवावे. विच्छेद नापसंत करणारा परीक्षकही मग दुखावणार नाही. अर्थ हलत असेल, तर क्रियाविशेषण निःशंकपणे मध्ये घ्यावे. प्रबंधपरीक्षकांनीही अशा जागी लाल रेघ ओढण्यापूर्वी ते पद अन्यत्र ठेवून पाहावे. प्रबंधातील वाक्याने आपले विधान नेमके सांगितले पाहिजे. नियम पाळण्याच्या भरात विधानच बदलले, तर ती शुद्धता निरुपयोगी होय.