अपस्मार आणि मासिक पाळी

फेपरे, मिरगी, आकडी अशा नाना नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अपस्माराविषयी आपल्या घरांतून आजही कुजबुजतच बोलले जाते. मुलीच्या पाळीविषयी तर तेवढेही नाही. या दोन मौनांच्या आड एक तिसरे दुखणे वाढत असते. त्याकडे आम्ही वाचकांचे, विशेषतः मातांचे, लक्ष वेधू इच्छितो.

शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली बीजांडकोशाच्या एका विकाराचे वर्णन केले. आज त्याला ‘पीसीओएस’ म्हणतात. यात पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे हटत नाहीत, पुष्कळदा वजन वाढते आणि पुढे गर्भधारणेस अडचण पडू शकते.

अपस्मार असलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. पाळीची सूत्रे मेंदूतून हलतात. झटक्यांनी त्यांचा ताल बिघडू शकतो. दुसरे कारण औषधाचे. व्हॅल्प्रोएट हे झटक्यांवर गुणकारी खरे. परंतु फिनलंडमधील संशोधकांच्या १९९३ सालच्या अभ्यासात ते घेणाऱ्या ४३ टक्के स्त्रियांच्या बीजांडकोशांत अनेक लहान पुटी आढळल्या. विशीच्या आत औषध सुरू झालेल्यांत हा धोका अधिक दिसला. गर्भावरही या औषधाचे दुष्परिणाम होतात. म्हणून तरुण स्त्रियांना शक्य तेथे दुसरे औषध दिले जाते.

मात्र हे वाचून कोणी गोळी परस्पर बंद करू नये! औषध एकाएकी थांबले, तर झटक्यांची मालिका जिवावर बेतते. करावयाचे ते एवढेच : एका वहीत झटक्यांच्या आणि पाळीच्या तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. मेंदूविकारतज्ज्ञ पाळीचे विचारत नाहीत, स्त्रीरोगतज्ज्ञांना आपण झटक्यांचे सांगत नाही. मग दुवा जुळावा कसा?

लग्न ठरताना आजार लपविला, तर सासरी गोळ्याही लपवाव्या लागतात आणि चुकतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहास अडसर मानला जाई. १९९९ साली ती तरतूद वगळण्यात आली. कायद्याने पुसलेला कलंक आपण आपल्या लेकींच्या कपाळी का ठेवावा?