दोन देशांचे मंत्री, एका शहरातील निर्वासित

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा संमत झाला आणि त्यावरील वादात जोगेंद्रनाथ मंडल हे विस्मृतीत गेलेले नाव पुन्हा संसदेत ऐकू आले. फेब्रुवारी २०२० मध्ये खुद्द पंतप्रधानांनी लोकसभेत त्यांचा दाखला दिला. पाकिस्तानच्या मंत्रिपदाचा राजीनामा देणारे मंडल त्यांना अभिप्रेत होते. राजीनाम्याआधीचे आणि नंतरचे मंडल मात्र सोयीस्करपणे विसरले जातात. मराठी माणसाला हे विसरणे शोभणारे नाही, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासाठी घटना समितीचे दार प्रथम उघडले ते मुंबईत नव्हे, कोलकात्यात.

मंडल यांचा जन्म १९०४ मध्ये बारिसाल जिल्ह्यातील नमःशूद्र कुटुंबात झाला. कोलकात्यात कायद्याचे शिक्षण घेतलेले हे वकील १९३७ मध्ये राखीव नव्हे, तर सर्वसाधारण जागेवरून काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून बंगालच्या विधानसभेत गेले. १९४३ मध्ये नझीमुद्दीन मंत्रिमंडळात ते मंत्री झाले आणि त्याच वर्षी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा त्यांनी उभी केली. पूर्व बंगालात दलित आणि मुसलमान बहुतांशी कुळे व शेतमजूर, तर जमीनदार आणि सावकार प्रामुख्याने सवर्ण हिंदू. तेव्हा दोन्ही समाजांचे हित एकच, हा त्यांचा राजकीय हिशेब होता.

१९४६ च्या निवडणुकीत बंगालमध्ये फेडरेशनतर्फे ते एकटेच निवडून आले. मुंबई प्रांतात तर फेडरेशनचा एकही आमदार नव्हता, आणि घटना समितीचे सदस्य प्रांतिक आमदारांच्या मतांनी निवडले जाणार होते. अशा वेळी मंडल यांनी काँग्रेसच्या व अपक्ष दलित आमदारांचीही मते वळवली आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. फाळणीने ती जागा संपुष्टात आली आणि १९४७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून पुन्हा पाठवले, हा पुढचा भाग झाला.

ऑगस्ट १९४६ मध्ये कोलकात्याच्या रस्त्यांवर रक्ताचे पाट वाहिले. सुऱ्हावर्दी मंत्रिमंडळात असलेल्या मंडल यांनी तरीही लीगची साथ सोडली नाही. ऑक्टोबरमध्ये हंगामी सरकारात लीगने पाठवलेल्या पाच जणांत ते होते. कायदा खाते त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानच्या घटना समितीचे पहिले हंगामी अध्यक्षपद आणि पाठोपाठ कायदा व कामगार मंत्रिपद त्यांना मिळाले. एकाच फेडरेशनचे दोन नेते दोन देशांचे पहिले कायदामंत्री व्हावेत, हा इतिहासातील विलक्षण योगायोग होय.

परंतु जिनांच्या निधनानंतर मंडल यांच्या शब्दाला कराचीत वजन उरले नाही. फेब्रुवारी १९५० मध्ये पूर्व बंगालात उसळलेल्या हिंसाचारात त्यांचेच नमःशूद्र बांधव होरपळले. ८ ऑक्टोबर १९५० रोजी लियाकत अली खान यांच्या नावे दीर्घ राजीनामापत्र लिहून त्यांनी पाकिस्तानशी संबंध तोडला. पुढच्या सप्टेंबरात बाबासाहेबांनीही हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. दोघांची कारणे भिन्न होती. तथापि आपल्या समाजासाठी सत्तेत जाऊन तेथे एकटे पडण्याचा अनुभव समान होता.

कोलकात्याने परतलेल्या मंडल यांना आपले मानले नाही. काँग्रेसच्या लेखी ते लीगचे साथीदार होते, हिंदुत्ववाद्यांच्या लेखी फाळणीचे भागीदार. ज्या निर्वासितांसाठी ते झटत होते, त्यांच्यातीलही अनेकांच्या मनात तोच राग होता. दलित निर्वासितांना बंगालबाहेर दंडकारण्यात धाडण्याविरुद्ध ते उभे राहिले, निवडणुका लढवल्या, पण पुन्हा निवडून आले नाहीत. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेवरील बनगाव येथे त्यांचे निधन झाले.

मंडल यांचा हिशेब चुकला, हे नाकारता येत नाही. दुसऱ्याच्या संख्याबळावर मिळालेले मंत्रिपद आपल्या माणसांचे रक्षण करू शकत नाही, हा त्या चुकीचा धडा आहे आणि तो केवळ कराचीपुरता नाही. आघाड्यांच्या राजकारणात एखाद्या खात्यावर समाधान मानणाऱ्या दलित पक्षांना, महाराष्ट्रातील पक्षांसह, तो आजही लागू पडतो. मंडल यांचे राजीनामापत्र हाती घेऊन बोलणाऱ्यांनी त्यानंतरच्या अठरा वर्षांचाही जाब द्यायला हवा: परत आलेल्या या माणसाला भारतीय राजकारणाने नेमके काय दिले?