घरची कोंबडी, रानकोंबडी



बचत गटाच्या बैठकीत एका ताईने आम्हाला विचारलं, "कुंपणाला अडकून रानडुक्कर मेलं. गावात वाटे पडले, एक आमच्याकडेही आला. आम्ही तर मारलं नाही, मग आमचा काय गुन्हा?" आज यावरच बोलू या.

आधी घरची जनावरं. कोंबडी, शेळी, मेंढी खाण्यासाठी कापायला मनाई नाही. मात्र त्यांचे विनाकारण हाल करायचे नाहीत, असं १९६० चा कायदा सांगतो. गाईच्या कत्तलीला महाराष्ट्रात आधीपासून बंदी होती. २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले.

रानातल्या प्राण्यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. रानडुक्कर, ससा, भेकर, मोर, घोरपड, रानकोंबडी यांची शिकार गुन्हा आहे. फासकी लावणं, रानपाखरांची अंडी काढणं हीसुद्धा शिकारच. मोर किंवा घोरपड मारली तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होतो. वनहक्क कायद्याने मध, डिंक, मोहफुलं गोळा करण्याचा हक्क दिला. शिकारीचा दिलेला नाही.

आता ताईंचा प्रश्न. रानातला प्राणी आपोआप मेला किंवा चुकून मारला गेला, तरी तो सरकारची मालमत्ता ठरतो. त्याचं मांस वाटून घेणं, घरात ठेवणं, शिजवणं हाही गुन्हा. मारणारा दुसराच असतो, पण पातेलं आपल्या चुलीवर असतं. वनखात्याची माणसं आली तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

मग रानडुकरांनी पीक लोळवलं तर गप्प बसायचं का? मुळीच नाही. वनखात्याकडे लगेच अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा. ती सरकारची योजनाच आहे. अंगावर धावून आलेल्या प्राण्यापासून जीव वाचवताना तो मेला, तर तो गुन्हा नाही. पण मांसाला हात लावायचा नाही. मेलेला प्राणी दिसला तर वनरक्षकाला कळवा किंवा १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आणि कुणी झाकून वाटा आणलाच, तर दारातच विचारा, "हे कशाचं?" उत्तर द्यायला तो चाचरला, की वाटा परत पाठवा.