वडगावचा सूर्य आणि शेमाची वेळ

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरेच्या डाव्या कालव्याने भिजणाऱ्या उसाच्या मुलखात वसलेल्या वडगाव निंबाळकर या गावी सूर्याची मध्यान्ह आणि घड्याळाची मध्यान्ह यांची गाठ कधीच पडत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून मुक्रर झालेली, आणि गाव मात्र चौऱ्याहत्तर अंशांच्या किंचित पुढे; एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथील मध्यान्ह सरासरीने बारा वाजून 32 मिनिटांच्या सुमारास होते, आणि पृथ्वीच्या गतीतील वार्षिक चढउतार आणि तिच्या अक्षाचा कल यांमुळे नोव्हेंबरच्या आरंभी ती 12.16 इतकी अलीकडे, तर फेब्रुवारीच्या मध्यास 12.47 इतकी पलीकडे सरकते. 1906 साली ही प्रमाणवेळ सरकारी दफ्तरांत रुजू झाली तरी मुंबईने 39 मिनिटे मागे चालणारी आपली स्वतंत्र वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. व्यवहाराला हा फरक जाणवत नाही. परंतु ज्याची उपासना सूर्याशी बांधलेली आहे, त्याला तो दृष्टिआड करता येत नाही.

यहुदी धर्मात उपासनेच्या या वेळांना ‘झमनिम’ म्हणतात, आणि त्या संगणकाकडून काढून घेण्याची विद्या हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वडगावात यहुद्यांची वस्ती नाही. पण विषय महाराष्ट्राला परका मुळीच नाही. जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल हे आपलेच मराठीभाषक बांधव. त्यांची ‘नव्याचा सण’, ‘दारफळणीचा सण’, ‘बिरड्याचा रोजा’ ही सणवारांची नावे अस्सल मराठी आहेत, आणि या समाजातील अनेक कुटुंबे पुढे मुंबई-पुण्यास येऊन स्थायिक झाली. पुण्याच्या लष्कर भागातील, डेव्हिड ससून यांच्या औदार्याने उभे राहून 1867 मध्ये पूर्ण झालेले ‘लाल देऊळ’ हे यहुदी प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. या समाजाची परंपरा सांगते, की ग्रंथ आणि हिब्रू भाषा यांचे विस्मरण झाल्यावरही ईश्वराच्या एकत्वाची साक्ष देणारी ‘शेमा’ ही एक प्रार्थना त्यांच्या जिभेवर टिकून राहिली. मला या योगायोगाचे फार अप्रूप वाटते; कारण ‘मिश्ना’ या धर्मशास्त्रग्रंथाचा आरंभच मुळी संध्याकाळचा शेमा केव्हापासून म्हणावा या प्रश्नाने होतो, आणि आजच्या आज्ञावलीलाही रोज प्रथम त्याच जातीच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

सकाळचा शेमा दिवसाचा तिसरा तास संपण्यापूर्वी म्हणावा, असा दंडक आहे. हा तास साठ मिनिटांचा नव्हे. वडिलोपार्जित शेत लहान असो वा मोठे, त्याच्या वाटण्या बाराच पाडाव्यात, तसे दिवसाचे बारा भाग करावयाचे, मग ऋतूनुसार त्यांची लांबी काहीही येवो. वडगावी जूनच्या अखेरच्या दहा दिवसांच्या आरंभी दिनमान सुमारे 13 तास 13 मिनिटांचे, म्हणून एक भाग 66 मिनिटांचा. डिसेंबरात ते 11 तास 2 मिनिटांवर येते आणि भाग 55 मिनिटांचा होतो. लंडनमध्ये हाच भाग उन्हाळ्यात 83 आणि हिवाळ्यात 39 मिनिटांचा. दिनमानाचे पंधरा मुहूर्त पाडून त्यांतला मधला अभिजित धरणाऱ्या मराठी वाचकास ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही.

खरा बिकट प्रश्न पुढचा आहे: दिवस मोजावयाचा कोठून कोठवर? अठराव्या शतकातील विल्ना येथील ‘गाओन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धर्मपंडितांच्या मते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. त्यांच्या आधीच्या शतकातील ‘मागेन अव्राहाम’ या भाष्याच्या मते पहाट फुटल्यापासून रात्र पडेपर्यंत. पहाट सूर्योदयापूर्वी आणि रात्र सूर्यास्तानंतर 72 मिनिटांवर धरली, तर दुसऱ्या मताने शेमाची मुदत नेहमीच 36 मिनिटे आधी संपते: 21 जूनला वडगावी पहिल्या मताने 9.16, दुसऱ्याने 8.40 च्या सुमारास. आज्ञावली रचणाऱ्याने यांपैकी कोणते मत ग्राह्य धरावे? एलियाहू हर्शफेल्ड यांनी जावा या संगणकभाषेत रचलेल्या आणि सर्वांस मुक्त असलेल्या ‘कोशरजावा’ या संग्रहाने दिलेले उत्तर मला सर्वस्वी योग्य वाटते. त्याने निवाडा केलाच नाही. शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे काढून प्रत्येकीच्या नावातच मताचा पुरस्कर्ता किंवा गृहीत धरलेले अंश नोंदवले, आणि निवाड्याचा अधिकार ज्या धर्मगुरूंचा आहे त्यांच्याकडेच तो राहू दिला. आमच्या पंचांगवादात अयनांशावरून जी कटुता माजली, तिच्या स्मरणाने या संयमाचे मोल अधिकच जाणवते.

त्यातही ‘72 मिनिटे’ म्हणजे काय, हा तपशील उरतोच. जेरुसलेममध्ये विषुवदिनी सूर्योदयापूर्वी 72 मिनिटे सूर्य क्षितिजाखाली 16.1 अंश असतो. तेव्हा पुष्कळ जण मिनिटांऐवजी ते अंशच प्रमाण मानतात. सूर्य वडगावी अधिक सरळ चढतो, म्हणून तेवढेच अंश तेथे विषुवदिनी अवघ्या 64 मिनिटांत ओलांडले जातात. लंडनला त्यासाठी 100 मिनिटे लागतात, आणि ऐन उन्हाळ्यात तर तेथे सूर्य मध्यरात्रीही इतका खाली जातच नाही. अशा रात्री या अंशांवरून पहाट काढताच येत नाही, आणि कोशरजावाचे गणित तेथे एखादा बनावट आकडा न देता उत्तराची जागा रिकामी ठेवते.

गणिताचा पाया बेल्जियन ज्योतिर्विद झाँ मेयूस यांच्या सूत्रांवर आधारलेला आहे. सूर्योदय म्हणजे बिंबाची वरची कड दिसणे. बिंबाच्या त्रिज्येच्या 16 कला आणि वातावरणातील वक्रीभवनाच्या 34 कला मिळून बिंबाचा मध्य तेव्हा क्षितिजाखाली 50 कला असतो. येथवर कोणाचा तंटा नाही. तंटा उंचीपाशी सुरू होतो. वडगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, आणि तो आकडा जसाच्या तसा यंत्रात घातला, तर गाव समुद्रकाठच्या एखाद्या उत्तुंग कड्यावर आहे असे समजून यंत्र सूर्यास्त तीन मिनिटांहून अधिक पुढे ढकलते. वास्तविक भोवतालचे पठारही तितकेच उंच. क्षितिज मुळीच खचलेले नाही. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विश्रांतीदिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, आणि तेथे तीन मिनिटांची चूक ही क्षुल्लक चूक नव्हे. दख्खनसाठी वेळापत्रक काढणाऱ्याने उंची शून्य धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचप्रमाणे पुण्याचे वेळापत्रक वडगावी लावू नये, कारण पुणे पश्चिमेस असल्याने तेथला सूर्यास्त सुमारे दोन मिनिटे उशिराचा असतो.

शेवटी सेकंदांचा प्रश्न. वातावरणाचे वक्रीभवन हवामानाप्रमाणे बदलते, म्हणून सेकंदापर्यंत दिलेली वेळ ही केवळ गणिताची अचूकता असते, आकाशाची नव्हे. कोशरजावाच्या कर्त्यानेही शेवटच्या सेकंदावर विसंबू नये, अशी ताकीद देऊन ठेवली आहे. यास्तव जाणते रचनाकार वेळ मिनिटावर आणताना नेहमीच्या नियमाने ती जवळच्या मिनिटाला नेत नाहीत. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी, बहुतेक ठिकाणच्या रिवाजाप्रमाणे 18 मिनिटे आधी, दिवे लावण्याची वेळ आणि शेमाची मुदत ते मागच्या मिनिटावर आणतात. शब्बाथ उतरण्याची आणि रोजा सोडण्याची वेळ पुढच्या मिनिटावर नेतात.